हे दार नाही

मला शोकांतिका करायची नव्हती. इमारतीच्या वार्षिक कार्यक्रमात एका कोपऱ्यात उभं राहून एक स्वगत म्हणायचं, टाळ्या मिळाल्या तर घ्यायच्या, नाहीतर गुपचूप खाली उतरायचं, एवढाच बेत होता. तो वाढत वाढत खोट्या मिशीपर्यंत, सुतारापर्यंत आणि आगीच्या नियमांपर्यंत गेला यात माझा दोष फारच थोडा आहे. असं मी म्हणते. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण त्याला फक्त तीन वेळा टकटक करायचं काम होतं आणि तेही त्याला धड जमलं नाही, तेव्हा त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

स्टेजशी माझं कधीच जमलं नाही. शाळेत एकदा समूहगीतात होते, शेवटच्या रांगेत, तिथेही मी नुसते ओठ हलवले होते. अशी बाई आपणहून सेक्रेटरींच्या दारात जाऊन "माझंही नाव घाला" म्हणते, त्याला कारण आमची मुंगी.

मुंगी म्हणजे आमची लेक. वय चार. घरात तिची बडबड थांबत नाही. फ्रिज घुरघुरला की त्याला रागावते, बादलीला गोष्ट सांगते, आणि आजीनं वाटाणे सोलायला घेतले की प्रत्येक वाटाण्याला "तू कुणाचा?" असं विचारते. पण घराचा उंबरा ओलांडला की मिठाची गुळणी. शेजाऱ्यांशी नाही, दुकानदाराशी नाही, बालवाडीत तर नाहीच. सुरुवातीला मला वाटलं, रुळेल. मग वर्ष संपत आलं आणि बालवाडीच्या बाई एकदा फाटकाशी मला बाजूला घेऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "गुणी आहे हो तुमची मुलगी. मला एक सांगा, तिचा आवाज कसा आहे?"

त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. त्यात मोठ्या शाळेची मुलाखत जवळ आलेली. मुलाखतीत फार काही नसतं म्हणे, मुलानं स्वतःचं पूर्ण नाव तेवढं सांगायचं. तेवढं.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मुंगीला रंगीत ठोकळे दिले आणि तपासलं मला. "तुम्ही चारचौघांत बोलता?" मी म्हटलं, "म्हणजे, वेळ आली तर." वेळ कधी आली होती ते मला आठवेना. डॉक्टर सभ्य होते, म्हणून आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार हे त्यांनी निराळ्या शब्दांत सांगितलं. "तिला बोलायला लावू नका. तुम्ही बोला. लोकांसमोर बोललं तरी आई जिवंत घरी परत येते, हे तिला बघू दे."

जिवंत परत येण्याची हमी मात्र त्यांनी दिली नाही.

आता बोलायचं काय? मला पाठ असलेलं एकच होतं. कॉलेजात आम्हाला एक जुनी शोकांतिका अभ्यासाला होती, सगळे तिला 'दाराचं नाटक' म्हणायचे. तटबंदीचं एक नगर, बाहेर शत्रूचा वेढा. द्वारपालानं शपथ घेतलेली असते की दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही. त्याची स्वतःची लेक चुकून बाहेर राहते. ती धावत येऊन दार वाजवते, आणि वाजवण्याच्या पद्धतीवरून ती कोण हे तो ओळखतो. दोनदा टकटक, जरा थांबून एकदा. पण भीतीनं त्या पोरीची वाचा गेलेली असते. तो शब्द मागत राहतो, ती बोलू शकत नाही, तो दार उघडत नाही. पुढचं सांगत नाही. शोकांतिका म्हटल्यावर काय ते समजा.

त्यातलं द्वारपालाचं स्वगत मला अजून येत होतं, कारण परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असायचा. "कोण आहे बाहेर? वारा असशील तर पुढे जा. वैरी असशील तर मागे फिर. आणि माझं लेकरू असशील तर परवलीचा शब्द सांग. एक शब्द. एका शब्दाएवढंच रुंद आहे हे दार."

आपण काय निवडलंय हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात तालीम केली. दुसऱ्या दिवशी ती जिन्यापर्यंत ऐकू गेली, आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरकाका दारात उभे. खालच्या मजल्यावरचे हे काका बँकेतून निवृत्त झालेत, पण आवाजातली बँक अजून चालू आहे. त्यांनी या नाटकावरचा जुना कृष्णधवल सिनेमा ऐन तारुण्यात पाहिला होता.

"स्वगत चेहऱ्यानं करू नका," ते म्हणाले. "हात. त्या सिनेमात कॅमेरा द्वारपालाच्या चेहऱ्यावर जातच नाही. नुसता हात दिसतो. कडीकडे जातो, मागे येतो. जातो, मागे येतो. थेटरात बायका हुंदके देत होत्या."

"काका, हॉलच्या शेवटच्या रांगेतून माझा हात कसा दिसणार?"

"मोठा करा," काका म्हणाले. हात मोठा कसा करायचा ते बँकेत शिकवत नसावेत.

तेवढ्यात वरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या, त्या थबकल्या. त्यांनी नंतरचा रंगीत सिनेमा पाहिलेला. त्यात पोरगी मुकी वगैरे होत नाही, उलट दाराबाहेर उभी राहून अख्खं गाणं म्हणते. गाण्याचं ध्रुवपद हाच परवलीचा शब्द निघतो, दार उघडतं आणि सगळं नगर नाचतं.

"तसं करा ना," वहिनी म्हणाल्या. "लोक जेवून येणार आहेत, त्यांना कशाला रडवायचं?"

"मूळ नाटकात तो शब्द शेवटपर्यंत कळतच नाही," काका कडाडले. "तिथेच तर त्याचं थोरपण आहे."

"लिहिणारा विसरला असेल," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि वर गेल्या.

मिशी ही काकांचीच सूचना. द्वारपाल बाईमाणूस कसा दिसेल, म्हणून त्यांनी कुठूनशी झुबकेदार मिशी आणून दिली. मी ती लावून मुंगीसमोर गेले. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि त्यानंतर संध्याकाळभर घरातही एक शब्द बोलली नाही. फ्रिज घुरघुरत होता, त्याला रागवायला कुणी नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या घराशी फुकट बडबड करणारी मुलगी, तीही गेली की काय हातची? मिशी त्याच पावली काकांना परत गेली. सकाळी मुंगीनं मोरीतल्या बादलीला सांगितलेलं मी ऐकलं, "आईच्या नाकाखाली काल केरसुणी होती."

सासूबाईंनी या सगळ्यात बरेच दिवस तोंड घातलं नाही. पण एक दिवस मी "परवलीचा शब्द सांग" म्हणताना दोन्ही हात पसरले, तेव्हा त्यांनी ताटातले वाटाणे बाजूला सारले. त्यांनी हे नाटक मूळ रंगमंचावर पाहिलं होतं, लग्नाआधी.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "तो नट असले हातवारे करत नव्हता. लोकांकडे सरळ पाठ करायचा आणि दाराला कपाळ टेकायचा. मग हळू बोलायचा, आपल्या माणसाशी बोलतात तसं. आणि बोलून झाल्यावर गप्प. इतका वेळ गप्प की तिसऱ्या रांगेतली एक मुलगी ओरडली, अरे उघड की मेल्या."

"कोण होती?"

"होती कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या.

कपाळ टेकायचं ठरलं आणि तिथेच घोडं अडलं, कारण कपाळ टेकायला दार हवं. आमच्या गल्लीतल्या सुतारानं विचारलं, "उघडायचं की नाही?" मी म्हटलं, नाटकात ते कधीच उघडत नाही. "मग झकास," तो म्हणाला. "बिजागऱ्या वाचल्या." त्यानं चौकट आणि फळी स्क्रूनं पक्की जोडून टाकली, वर शोभेची मूठ लावली, मागे दोन टेकू. दार असं देखणं झालं की आमच्या घराचं दार त्यापुढे गरीब दिसायला लागलं.

ते हॉलमध्ये नेल्यावर सेक्रेटरी आले. गृहस्थ वाईट नाहीत, पण नियमांची पुस्तिका हातात आली की त्यांना दुसरं माणूस दिसत नाही.

"वहिनी, आगीच्या नियमाप्रमाणे हॉलमधलं प्रत्येक दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे."

"अहो, पण या दाराची सगळी गोष्टच न उघडण्याची आहे."

"गोष्टीला सवलत नाही."

"मग हे दार नाही असं समजा. हा देखावा आहे."

सेक्रेटरींनी विचार केला. "तसं लेखी द्या." मी दिलं. पण माणूस वाटेला लागला असं वाटतं तोवर तो परत फिरला. "हे तुम्हाला आणि मला कळलं. प्रेक्षकांना कसं कळणार? उद्या आग लागली तर लोक दार दिसेल तिकडेच धावतात. पाटी लावा."

अशा रीतीनं त्या देखण्या दारावर, बरोबर कपाळाच्या उंचीवर, शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल अशा काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं गेलं: हे दार नाही. जगात आजवर ही शोकांतिका किती ठिकाणी झाली असेल. अशा दारापुढे कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

टकटक करायला दारामागे नवरा. पहिल्या तालमीत त्यानं गॅसवाल्यासारखी धडधड केली. "अरे, ती घाबरलेली मुलगी आहे," मी म्हटलं. दुसऱ्या वेळी इतकी हळू की मीच विचारलं, "वाजवलंस का?" मुंगी त्याच्या पायाशी बसून सगळं बघायची. एकदा तिनं मला विचारलं, "आई, ते आजोबा तिला परवाचा शब्द का मागतात?"

"कुठला?"

"परवाचा शब्द सांग, म्हणतेस ना तू?"

परवलीचा नव्हे, परवाचा. म्हणजे या पोरीच्या मते ते म्हातारबुवा दाराआडून विचारत होते की परवा काय शब्द होता, आणि बाहेरच्या बिचारीला तो आठवत नव्हता. "तिला परवाचं आठवत नाही," मुंगी गंभीरपणे म्हणाली. "मी नीट लक्षात ठेवणार." मला हसू आलं आणि मी तिची चूक सुधारली नाही. काही चुका सुधारायला मन होत नाही.

त्याच आठवड्यात मी एक दिवस तिची मुलाखतीची तयारी घेतली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, पण आईच्या जातीला मनाई कळते कुठे? आमटीचा डाव माईक केला आणि म्हटलं, "सांग बरं, पूर्ण नाव काय तुझं?" तिनं डावाला नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. मग शेजारच्या ताई साखर मागायला आल्या. मी म्हटलं, "यांना सांग." गुळणी. "सांग ना गं. एवढंच तर विचारतेय. एक नाव सांग." ती माझ्याकडे बघत राहिली. आणि डाव हातात धरून उभ्या असलेल्या मला कळलं की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. महिनाभर मी स्वयंपाकघरात याच आवाजाची तालीम करत होते. दाराआड उभं राहून, लेकरू ओळखूनही, आधी शब्द दे म्हणणारा माणूस. मी शेजारच्या ताईंना जरा जास्तच साखर दिली आणि मुंगीला पुन्हा काही विचारलं नाही.

हे कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीचं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला. माझ्याआधी वहिनींच्या भाच्यांचा नाच होता, त्याला दोनदा वन्समोअर मिळाला. मुंगी प्रेक्षकांत बसायला तयार होईना, म्हणून बाबांबरोबर दारामागे गेली. पडदा वर गेला. पाटी वाचून लोक हसले. मी दाराकडे वळले, पाठ केली, कपाळ टेकलं. कपाळाला गार लागलं, तेव्हा कळलं की रंग अजून ओला आहे. पण द्वारपालानं मागे हटायचं नसतं.

नवऱ्यानं टकटक केली. त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर केली.

"कोण आहे बाहेर?" माझा आवाज निघाला. मलाच नवल वाटलं. "वारा असशील तर पुढे जा. वैरी असशील तर मागे फिर." हॉलमधली कुजबुज थांबली. "आणि माझं लेकरू असशील तर परवलीचा शब्द सांग. एक शब्द. एका शब्दाएवढंच रुंद आहे हे दार."

आणि पुढची ओळ गेली. नुसती अडकली नाही, साफ गेली. परीक्षेतल्या प्रश्नाला इथपर्यंतच लागायचं बहुतेक. मी कपाळ टेकून उभी. शांतता. लोकांना वाटलं, काय ही अभिनयाची खोली. पहिल्या रांगेतून मॅनेजरकाकांची कुजबुज आली, "हात, अहो, हात." मी हात मुठीकडे नेला, मागे घेतला. नेला, मागे घेतला. ओळ काही आली नाही. डॉक्टर, मी मनात म्हटलं, काही जिवंत परत जात नाही मी आज.

तेव्हा टकटक ऐकू आली. या वेळची टकटक खालून आली, गुडघ्याच्या उंचीवरून. दोनदा, जरा थांबून एकदा.

"मला आठवतोय परवाचा शब्द," दारामागून आवाज आला. "सांगू?"

आणि तिनं सांगितला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. डावाला सांगितलं होतं तसं, एकही अक्षर न गाळता, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. परवा हाच तर शब्द होता. मीच विचारला होता.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बालवाडीच्या बाई आमच्याच इमारतीत राहतात, त्या चौथ्या रांगेत होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला असं मला नंतर कळलं. पुढच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, उघड की."

मी मूठ धरून ओढली. ती निघून माझ्या हातात आली. ढकललं, तर सुताराची कारागिरी, दार जागचं हलेना.

"आई," पलीकडून चिंतेनं विचारणा झाली, "चुकलं का माझं?"

"नाही गं, नाही. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

आणि मग मला दिसलं की दाराच्या दोन्ही बाजूंना काहीच नाहीये. भिंत नाही, तट नाही, नुसती मोकळी जागा. महिनाभर मी त्या दारापुढे उभी होते आणि बाजूनं जाता येतं हे सुचलं नव्हतं. मी हातातली मूठ घेऊन वळसा घातला आणि मुंगीला उचललं. तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि पुन्हा गुळणी धरली. धरू दे म्हटलं. पडदा काही पडेना, कारण पडदेवाल्याला माझ्या शेवटच्या ओळीवर दोरी सोडायला सांगितलं होतं, आणि ती ओळ अजूनही कुठे आहे कुणास ठाऊक. शेवटी माझ्या ओढाओढीपासून टेकू धरून बसलेला नवरा तो सोडून पुढे आला, त्यानं प्रेक्षकांना नमस्कार केला आणि दार सावकाश, मोठ्या अदबीनं, त्याच्या पाठीवर कललं.

खाली उतरल्यावर मॅनेजरकाका चष्मा पुसत म्हणाले, "मूळ नाटकात असं नाही." मग पुन्हा चष्मा पुसला. वरच्या वहिनी म्हणाल्या, "केलात ना शेवटी माझ्या सिनेमासारखा शेवट?" सेक्रेटरींनी माझ्या कपाळावरचं उलटं उमटलेलं 'नाही' बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्हीच लिहून दिलं होतं हे दार नाही म्हणून. मग उघडायला का गेलात?"

घरी येताना सासूबाई जिन्यात थांबल्या. मुंगी माझ्या कडेवर झोपली होती. "तेव्हा त्यानं उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "मी एवढी ओरडले तरी."

मला वाटलं, आता सगळं सुरळीत. पण शोकांतिका उलटी फिरवली म्हणून मुलं बदलत नाहीत. मुलाखतीच्या दिवशी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हसून विचारलं, "नाव काय बाळा तुझं?" आणि मुंगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. 'सांग ना' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. कठीण गेलं, पण गिळलं.

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. मुंगी खुर्चीवरून उतरली, चालत बाहेर गेली आणि दार लोटून घेतलं.

"गेली?" बाई म्हणाल्या.

टक, टक. जरा थांबून, टक.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारायचं असतं," मी म्हणाले.

"काय?"

"कोण आहे बाहेर."

त्यांना बरीच कामं असावीत, पण त्यांनी विचारलं. बाहेरून पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी उठायच्या आत बाई स्वतः उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. मुंगी आत आली. तिनं बाईंना खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि त्यांच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली.

"आता तुम्ही बाहेर जा."

मुख्याध्यापिकाबाई बाहेर गेल्या. दार लागलं. मुंगी आतून दाराला कपाळ टेकून उभी राहिली आणि वाट बघू लागली.